चपला काढायचा तुकडा

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी माझे बाबा आंघोळ करून कुंभाराकडून आणलेली नवी घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर खरबूज ठेवतात आणि पूर्वजांची नावे घेत ओंजळीने पाणी सोडतात. आधी त्यांच्या वडिलांचे नाव, मग आजोबांचे, मग पणजोबांचे. त्यापुढची नावे कोणाला ठाऊक नाहीत. तिथे बाबा जरा थांबतात आणि म्हणतात, "डोंगर उतरून आलेल्या दोघायले."

लहानपणी मला या दोघांचेच कुतूहल जास्त होते. मी विचारले की बाबा तीच गोष्ट पुन्हा सांगत. ही दोघे नवरा-बायको. सातपुड्याच्या पलीकडून, निमाडातून, पायी आली. का आली ते गोष्टीत नव्हते. दुष्काळ पडला असेल, नाहीतर भाऊबंदांनी हुसकले असेल. जवळ सामान फारसे नव्हते, पण बाईच्या डोक्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पानवेलीचे बेणे होते. डोंगरात पाणी संपत आले तेव्हा तिने आपल्या वाट्याचे पाणी त्या गोणपाटावर शिंपडले आणि स्वतः तशीच चालत राहिली. खाली उतरल्यावर कुणाचे तरी ओढ्याकाठचे वावर ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, घेऊन त्यांनी पहिला पानमळा लावला. मेल्यावर त्याच मळ्यात त्यांना माती दिली. आमच्यात तेव्हा जाळत नसत. खूण म्हणून वर ओढ्यातले दोन गोटे ठेवले.

तो मळा कुठे होता, असे विचारले की बाबा उत्तरेकडे हात फिरवत. "होता इकडंच कुठंतरी." त्या हाताखाली अर्धा तालुका येत असे.

आम्ही पिढ्यान् पिढ्या पानावर जगलेली माणसे. पानमळा पाहिला नसेल त्याला सांगते: शेवरीच्या उंच झाडांवर वेल चढवलेले असतात, आत सावली आणि गारवा असतो, आणि आत चपला घालून जायचे नसते. वेल हा देव. मी चालायला शिकले तेव्हाच हा नियम शिकले. एकदा शेतीखात्याचे एक साहेब पाहणीला आले आणि बुटांसकट आत निघाले. माझी आई फाटकाशी उभी होती. ती म्हणाली, "साहेब, बूट बाहेरच राहू द्या. इथं त्यायले कोणी नेत नाही." साहेब हसले आणि मोजे काढत खाली बसले.

त्याच मळ्याच्या पानांवर मी शिकले. गावच्या शाळेत सातवीपर्यंत, मग जळगाव जामोदला, पुढे बी.एड.ला बुलढाण्याला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेले नव्हते. मी परीक्षेच्या अभ्यासाला बसले की आई शेजारी पाने लावत बसे. मोठे पान, मध्यम पान, फाटके पान वेगळे, वर ओले फडके. माझ्या अभ्यासातले तिला काही कळत नसे, पण मी पुस्तक मिटले की ती वर बघे आणि मी पुन्हा उघडे. आज मी बुलढाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवते. पगाराच्या पहिल्या दिवशी आईला विचारले, काय आणू? ती म्हणाली, "आता तू बसून खाय, मी पाह्यतो." मला ते वाक्य अजून पुरते.

मग बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा आम्हाला कळण्याआधीच गेला होता. दुसरा औषधाने सांभाळू, पण जे गेले ते परत येत नाही, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मी त्यांना बुलढाण्याहून गावी पोचवायला बसने निघाले. राजूर घाट उतरताना बाबा खिडकीशी बसले होते. दरी दिसते का, असे मी विचारले नाही. नांदुरा ओलांडल्यावर ते आपणच म्हणाले, "ते दोन गोटे पाह्यचे होते मले. दिसते तोवर."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात फार थोडे मागितले आहे. शोध घ्यायचा हे मी त्याच बसमध्ये ठरवले.

आईला हे फारसे पटले नाही. ती वरवट बकालची, रोखठोक. तिने मला विचारले की सासरचे पूर्वज सोडून माहेरचे कोणी शोधते का, आणि सापडले तर ते मला ओळखणार आहेत का. तरी प्रत्येक वेळी आम्ही निघालो की दशम्या बांधून तीच देत असे.

पहिल्यांदा आम्ही चुकलो, आणि अशी चूक मळेवाल्यांनीच करावी. गावाजवळ आमच्या मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना ओटा आहे. दर नागपंचमीला आमच्या घरचा नारळ तिथे फुटतो. बाबांच्या मनात कुठेतरी होते की हेच ते ठिकाण असावे, गोट्यांवर मागाहून कोणी ओटा बांधला असेल. कारण मळा इथे आहे, तर मूळही इथेच असणार. खात्री करावी म्हणून मी शेजारच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या गोसाव्याकडे गेले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि तोंडावर उपरणे धरून हसला. तो ओटा त्याच्या आजोबांच्या गुरूच्या समाधीचा होता. त्याला आमच्या नारळाचे सगळे माहीत होते, पण त्याने कधी हरकत घेतली नव्हती.

"तुमचा नारळ खाऊन आमचा बुवा सुखी हाय," तो म्हणाला. "आता माहीत पडलं म्हणून बंद नका करू."

घरी येऊन सांगितले तेव्हा बाबा स्वतःवरच हसले. पानमळा एका जागी राहत नाही हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? काही वर्षांनी जमीन थकते, वेल रोगट होतो, मग बेणे उचलून नव्या वावरात न्यावे लागते. त्यांनी स्वतः मळा हलवला होता, त्यांच्या वडिलांनी हलवला होता. तरी पूर्वजांचा मळा तेवढा जागेवरच असेल असे आम्ही धरून चाललो होतो.

कागदांत काही मिळण्यासारखे नव्हते. जमीन आमची कधी नव्हतीच. ठोक्याने कसणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवतो? मी इतिहासाची शिक्षिका, माझे हात तिथेच आखडले. मग बाबांनी विचार केला, आणि तो मळेवाल्याचा विचार होता. त्या काळी विहीर खोदायला त्यांच्याकडे काय होते? म्हणजे ओढ्याचे पाणी पाटाने आणता येईल अशी जागा. वेलाच्या मुळाला सारखा ओलावा लागतो, पण पाणी साचलेले चालत नाही. म्हणजे उताराची जागा. डोंगरातून उतरलेली माणसे बेणे सुकायच्या आत जिथे थांबतील, म्हणजे पायथ्याशी.

त्या हिवाळ्यात सुट्टी मिळाली की मी गावी जाई आणि आम्ही दोघे पायथ्याच्या गावांतून ओढ्याच्या काठाने हिंडत असू. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत. लोक चांगले भेटले. कोणी चहा पाजला, कोणी मारुतीच्या पाराकडे बोट दाखवले, एकाने तर आमच्यासाठी सगळ्या धुऱ्यांवर फिरून समाध्या दाखवल्या. पण दोन गोटे कोणाला ठाऊक नव्हते. ओढ्याकाठी गोट्यांना काय तोटा!

संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही अशाच एका गावाबाहेर, ओढ्याकाठच्या कडुनिंबाखाली दशम्या खायला बसलो. समोर हरभऱ्याचे वावर होते, त्याच्या पलीकडे गहू. बाबा खोडाला टेकून डोळे मिटून बसले होते. एक बाई डोक्यावर भाकरीचे टोपले घेऊन धुऱ्यावरून आली आणि हरभऱ्यातून गव्हाकडे निघून गेली. मी तिला पाहिले आणि पुन्हा दशमीकडे वळले.

बाबा म्हणाले, "ते बाई चपला काढून काऊन गेली?"

मी मान वर केली. धुऱ्यावर तिच्या चपला जोडीने ठेवल्या होत्या. बाबांना त्या दिसणे शक्य नव्हते. त्यांनी बांगड्या ऐकल्या होत्या, चपलांची फटफट ऐकली होती, आणि ती फटफट मधेच थांबलेली ऐकली होती. काट्याकुट्याच्या वावरात चपला काढून कोणी शिरत नाही. मी ओटे शोधत होते, गोटे शोधत होते. चपलांकडे बघायचे मला सुचले नव्हते.

ती परत आली तेव्हा मी तिला विचारले. ती माझ्याच वयाची असेल. तिला प्रश्नाचेच नवल वाटले. म्हणाली, त्यांच्या घरी या तुकड्यात कोणीच चपला घालत नाही. तिला सासूने सांगितले होते, सासूला तिच्या सासूने. ट्रॅक्टरवाला नांगरटीला येतो तोसुद्धा बूट काढून बसतो. दर वेळी हसतो, पण काढतो.

"पण काऊन?" बाबांनी विचारले.

"पुसलं नाही कधी, बाबाजी. तिथं दोन गोटे आहेत, देवाचे म्हणतात."

बाबांचा हात माझ्या मनगटावर आला. माझ्याच तोंडातून निघून गेले की ती आमची माणसे आहेत.

बाई गोंधळली. तिने गव्हातल्या आपल्या सासऱ्यांना हाक मारली. ते आले, उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात विळा. सगळे ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला. मी त्यांना दोष देत नाही. परकी माणसे वावरात येऊन आमचे लोक इथे पुरले आहेत म्हणू लागली, तर कोणत्याही शेतकऱ्याच्या मनात जे येईल तेच त्यांच्या मनात आले.

"कागद आहे का काही तुमच्यापाशी?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले.

"मंग?"

मी काहीतरी सांगू लागले, निमाड, स्थलांतर, कुटुंबाचा इतिहास, आणि मला माझेच बोलणे शाळेतल्यासारखे वाटू लागले. बाबांनी मला थांबवले. ते झाडाला धरून उभे राहिले.

"जमीन तुमची होय भाऊ, तुमचीच राहो. तेव्हाही आमची नव्हती. मी पानवाला माणूस. एक डोळा गेला, दुसरा जाऊन राह्यला. मले ते दोन गोटे पाह्यचे आहेत आन् घोटभर पाणी पाजाचं आहे. बस, एवढंच."

म्हातारेबुवांनी विळा धुऱ्यावर ठेवला.

"पानवाले," ते स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला सांगू लागले की या तुकड्याला त्यांच्या घरात 'मळा' म्हणतात. मळ्यात हरभरा पेरला, मळ्यात कापूस लावला. त्यांनी जन्मापासून इथे कापूस आणि हरभराच पाहिला होता, आणि याला मळा का म्हणतात हे कोडे त्यांना लहानपणी पडले होते, मग मोठेपणी विसरले. "आज समजलं," ते म्हणाले आणि आपल्या चपला काढल्या.

आम्ही सगळ्यांनी काढल्या. दोन पावले गेल्यावर बाबा थांबले. टाचेने माती दाबली, वाकून मूठभर उचलली, चुरडली. पानमळ्यात दरवर्षी तळ्यातला गाळ आणून टाकतात. कारण दरवर्षी वेल उतरवावा लागतो. त्याचा खालचा उघडा भाग गुंडाळून मातीखाली पुरतात आणि शेंडा तेवढा वर ठेवतात, की तो नव्याने चढतो. वर्षानुवर्षांची ती माती आजूबाजूच्या जमिनीहून वेगळी राहते. बाबांच्या पायांना ती कळली.

"मळाच होय," ते म्हणाले.

गोटे वावराच्या वरच्या कोपऱ्यात होते, ओढ्याच्या बाजूला. डोक्याएवढे, गुळगुळीत, अर्धे मातीत. भोवती नांगर वळवून नेल्याची गोल रेघ होती. इतके साधे, की एकटी आले असते तर ओलांडून गेले असते. बाबा गुडघ्यांवर बसले आणि चांगला डोळा त्यांच्या अगदी जवळ नेला, एखादे बारीक अक्षर वाचावे तसा. एकावर जुन्या हळदकुंकवाचा थर होता. दुसरा कोरा.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारले.

"आम्हीच," बाई म्हणाली. "नागपंचमीले. सासूबाईनं सांगतलं होतं, डावीकडची बाई आहे, तिले हळदकुंकू वाह्यजो. उजवीकडच्याले नुसतं पाणी."

बाबांनी मान खाली घातली. मी मात्र त्या सुनेकडे बघत राहिले. आमच्या घरात डोंगर उतरलेल्या त्या बाईचे नाव कोणी जपले नाही. गोष्टीतसुद्धा ती नवऱ्याच्या मागून चालते. आणि इथे, आमच्या जातीच्या ना नात्याच्या अशा बायकांनी, सासूकडून सुनेकडे, तिची कोणती बाजू आहे एवढे मात्र बरोबर पोचवले होते. तिला वर्षातून एकदा सवाष्ण म्हणून कुंकू मिळत आले होते. आम्ही तिचा नारळ गोसाव्याच्या बुवाला देत होतो तेव्हासुद्धा.

त्या सुनेने कळशीभर पाणी आणून दिले. बाबांनी दोन्ही गोट्यांवर पाणी सोडले. मग खिशातली डबी काढली. त्यांच्या खिशात पान नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. त्यांनी दोन विडे लावले, चुना जपून, अंदाजाने, आणि एकेक विडा ठेवला. तिथे बसल्या बसल्या तिसरा विडा लावून त्यांनी म्हाताऱ्याबुवांना दिला, चौथा सुनेला. ती लाजली, आणि सासऱ्यांकडे पाठ करून खाल्ला.

"पान बरं आहे," म्हातारेबुवा चघळत म्हणाले. "याच्यासाठी डोंगर उतरले म्हणता?"

"हाव. आन् त्यायच्यामुळं हे पोरगी मास्तरीण झाली," बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. हात जरा बाजूला गेला, पण आम्हाला सगळ्यांना कळले.

निघताना म्हातारेबुवांनी आखाजीला यायला सांगितले. आम्ही येऊ म्हणालो, आणि मला भीती वाटली की तोवर बाबांच्या डोळ्याचे काय होईल कोण जाणे.

आखाजी आली तोवर बाबांना उजेड आणि माणसांच्या सावल्या एवढेच उरले होते. तरी ते घागर स्वतः उचलून गाडीत बसले. आईही आली, खरबूज मांडीवर घेऊन. शोध संपल्यावर तिला आता बघायचे होते. वावर रिकामे, तापलेले होते. धुऱ्यावर सगळ्यांच्या चपला एका ओळीत लागल्या, आईने त्या लगेच सारख्या केल्या. माती भाजत होती, पण कोणी त्याबद्दल बोलले नाही.

बाबांनी नावे घ्यायला सुरुवात केली. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा. मग ते थांबले, जसे दरवर्षी थांबतात, आणि मी त्यांचे हात धरून गोट्यांवर नेले. "डोंगर उतरून आलेल्या दोघायले," ते म्हणाले, आणि पाणी जिथे जायचे तिथे गेले.

घागरीत पाणी उरले होते. बाबांनी त्या सुनेला जवळ बोलावले आणि तिच्या वारलेल्या सासूचे नाव विचारले. तिने सांगितले. बाबांनी ते नाव घेऊन ओंजळ सोडली. मग सासूच्या सासूचे विचारले. तिने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनी आपल्या आईचे नाव सांगितले, हळू, बऱ्याच वर्षांनी घेतल्यासारखे. बाबांनी पुन्हा ओंजळ सोडली.

"आन् त्यायची सासू?"

म्हातारेबुवांनी आठवून पाहिले. मग मान हलवली. "तिचं नाव नाही माहीत, बुवा."

"चालते," बाबा म्हणाले आणि ओंजळ पुन्हा पुढे केली. "बिननावाच्यालेही पाणी पोचते. आमच्याले तुम्ही पोचवलंच ना."

मी घागर तिरपी करून त्यांची ओंजळ भरली.